खोगीरवाल्यांचे बारा पट्टे

घोडागाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या त्याला साठ-सत्तर वर्षं होऊन गेली, तरी त्या घराला सगळे खोगीरवालेच म्हणत. घरातलं कुणी कधी घोड्यावर बसलेलं नव्हतं. सध्याच्या म्हाताऱ्यांना तर घोड्याच्या जवळून जायचीही भीती वाटे आणि हे ते स्वतः कबूल करत. पण नाव एकदा चिकटलं की आपल्या सोयीने निघत नाही. त्यांच्या सुनेचं, म्हणजे जिची ही गोष्ट आहे तिचं, लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं होतं, "खोगीरवाले म्हणजे काय गं? सर्कशीत असतात का?"

ती शिंप्याची मुलगी. तिच्या वडिलांच्या दुकानात नव्या कपड्यांवर नाव व्हायचं आणि जुन्यांच्या डागडुजीवर घर चालायचं. झिजलेली कॉलर उलटवून लावणं, गुडघ्याला ठिगळ, वाढत्या मुलाच्या चड्डीची दुमड सोडणं. कुणी कुठेही शिवलेलं आणलं तरी वडील चष्मा वर करून बघायचे, पहिल्या शिंप्याला दोन शब्द ऐकवायचे आणि कामाला लागायचे. अशा घरातून ती चामड्याच्या घरात आली, आणि तिला वाटलं, शिवण ती शिवण. सुई जरा जाड असेल एवढंच.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने हौसेने एक छोटं पाकीट शिवायला घेतलं. शिवण वाकडी गेली, तशी तिने सवयीने ती उसवली आणि पुन्हा सुरुवात करणार तेवढ्यात सासऱ्यांनी ते पाकीट हातातून काढून घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. उसवलेल्या ओळीतलं एकेक भोक लखलखत होतं.

"कापड माफ करतं, पोरी," ते म्हणाले. "हे नाही करत. इथे भोक पडलं की जन्माचं."

त्या दिवसापासून ते तिला 'कापडवाली' म्हणायला लागले. हे प्रेमाचं नाव होतं. रागावले की मात्र 'सूनबाई' म्हणायचे. तेव्हा त्या घरात आपल्याला मान मिळू लागला की ती सावध व्हायची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्त्याच्या बाजूला गल्ला आणि काच, मधे खिडकीपाशी शिवणाचा बाक, मागे कापण्याचं भलंमोठं लाकडी टेबल आणि वर माळ्यावर गुंडाळून ठेवलेली कातडी. कापायचं काम फक्त सासरे करायचे. कातडं टेबलावर पसरून ते डोळे मिटायचे आणि दोन्ही तळहात त्यावरून सावकाश फिरवायचे. मग खडूने एकेक जागा गोल करायची. "इथे गोचीड चावली. इथे काटेरी तार लागली. हे जनावर डाव्या कुशीवर झोपायचं बघ." आधी तिला वाटलं, म्हातारा नव्या सुनेला बनवतोय. पुढे तिने मुद्दाम भिंग घेऊन पाहिलं, तर प्रत्येक गोलाच्या आत काहीतरी होतंच.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. पाठीचं चामडं ओझ्याला, मानेचं बाजूंना, आणि पोटाचं आतल्या किरकोळ कामाला. पट्टा कापायचा तो पाठीतूनच, कण्याच्या रेषेत. "जनावर जन्मभर पोट फुगवतं नि आत ओढतं. मेल्यावर ती सवय जाईल होय? पोटातला पट्टा लावला की तो ताणत जाणार, ताणतच जाणार."

तिने दोन सुयांचा टाका शिकून घेतला. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. वर्षभरात तिची शिवण सासऱ्यांच्या शिवणीशेजारी ठेवली तरी ओळखू येईना. म्हणजे गिऱ्हाइकाला येईना. तिला स्वतःला यायची. ते शेवटचे तीन टाके उलटे घालून दोऱ्याचं टोक दोन थरांच्या मधे असं दडवायचे की ते कुठे गेलं ते त्यांनाच ठाऊक. ती युक्ती त्यांनी तिला शिकवली नाही आणि तिनेही विचारली नाही. प्रत्येक कारागिराचं एक काहीतरी असतं, ते आपण मागू नये.

दुपारच्या चहाला सासऱ्यांना घराण्याचा इतिहास सांगायची हुक्की यायची. त्यांच्या आजोबांनी खोगिरं आणि लगाम केले. त्या काळी खोगीरभरती हे खरंखुरं काम होतं, आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवलेला असे. मग मोटारी आल्या. आजोबा दोन वर्षं म्हणत राहिले की हे धुराचं खेळणं टिकणार नाही, आणि दोन वर्षांनी घरात विकायला भांडीसुद्धा उरली नाहीत. तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी गिरण्यांची वाट धरली. गिरणीच्या आढ्याला एक लांब लोखंडी दांडा फिरायचा, आणि त्यावरून खालच्या प्रत्येक यंत्राला एकेक चामडी पट्टा उतरायचा. घोड्याला गाडी जोडणारे हात यंत्राला दांडा जोडायला लागले. तीस वर्षं बरी गेली. मग प्रत्येक यंत्र आपापली मोटर पोटात घेऊन आलं आणि पट्टे गेले. पुन्हा दोन वर्षं वाट बघणं झालं आणि मग सासऱ्यांनी पिशव्या करायला घेतल्या. कचेरीच्या, शाळेच्या, प्रवासाच्या. या घराचा एकूण कारभार वरातीमागून घोडं असाच होता, आणि घोड्यावरच पोट भरलेल्या माणसांना तसं म्हणायचं तरी कसं?

इतिहासाचा शेवट नेहमी एकाच वाक्याने व्हायचा. "पण एक आहे. आमचा माल कधी परत आला नाही."

हे खरं होतं, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. त्यांची पिशवी बापाकडून मुलाकडे जायची आणि मुलाकडून नातवाकडे. म्हणजे एकदा आलेलं गिऱ्हाईक तीन पिढ्या फिरकत नसे. बाजारात रेक्झिनच्या स्वस्त पिशव्या आल्या, त्या वर्षात फाटायच्या आणि लोक आनंदाने दुसरी घ्यायचे. तिचा नवरा नमुने घेऊन कचेऱ्या हिंडायचा. स्वभावाने गोड माणूस, दारावरून परत पाठवणाऱ्यालाही धन्यवाद देऊन यायचा. हळूहळू त्याचे धन्यवाद वाढत गेले आणि कामं कमी होत गेली.

तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. शेजारची शिक्षिका एक पर्स घेऊन आली. कुठल्याशा कंपनीची, एका बाजूचा बंद निघालेला. तिने दहा मिनिटांत तो शिवून दिला. शिक्षिका गेली आणि मागून आवाज आला.

"कुणाचा माल होता, सूनबाई?"

"कंपनीचा."

"मग कंपनीला शिवू दे की."

तेव्हा तिला या घराचा एक नियम कळला, जो बावीस वर्षांत कुणी बोलून दाखवला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. दुसऱ्याच्या टाक्यावर टाका घालायचा नाही. घातला की त्याचं पाप आपल्या नावावर येतं. उद्या ती पर्स दुसऱ्या बाजूने फाटली तर लोक म्हणणार, खोगीरवाल्यांनी शिवली होती.

"माझ्या वडिलांनी हजारो लोकांच्या टाक्यांवर टाके घातले," ती म्हणाली. "त्यांच्या नावावर काही पाप जमलेलं मला दिसलं नाही."

"कापडाचं शास्त्र वेगळं."

"पोट तेच आहे, बाबा."

शब्दाने शब्द वाढला. तिचंही थोडं चुकलं. 'तुमचा माल परत येत नाही तसं गिऱ्हाईकही येत नाही' हे वाक्य खरं असलं तरी म्हाताऱ्या माणसाला उभ्या उभ्या ऐकवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ते अवजड टेबल एकट्याने ढकलत ढकलत फिरवलं आणि दुकानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली. तिच्याशी बोलणं बंद. दोन हातांवर ती बसलेली असायची आणि ते मुलाला सांगायचे, "तुझ्या बायकोला म्हणावं, मेण संपलंय." ती म्हणायची, "बाबांना सांगा, डब्यात आहे." नवऱ्याची इकडे आड तिकडे विहीर. तो बिचारा दोन्ही निरोप अगदी शब्दशः पोचवायचा.

असे चार महिने गेले. एव्हाना डागडुजीची बातमी पसरली होती. बंद तुटलेल्या पर्स, बूड फाटलेली दप्तरं, चेन गेलेल्या बॅगा, कमरेचे पट्टे, एकदा तर एका बँडवाल्याच्या ढोलाचा बंद. बाकावर ढीग लागला. पण शिवणं निराळं आणि कापणं निराळं. नवा पट्टा लावायची वेळ आली की ती अडायची. एका बॅगेला तिने स्वतः पट्टा कापून लावला. जिथे लांबी मिळाली तिथून कापला, कारण कापडाच्या ताग्यात इथलं चांगलं नि तिथलं वाईट असं काही नसतं. दोन महिन्यांत ती बॅग गिऱ्हाइकाच्या गुडघ्याला लागायला लागली. मग तिने बाजारातले तयार पट्टे लावून पाहिले, ते आतून पुठ्ठ्याचे निघाले. तक्रारी यायला लागल्या.

एका संध्याकाळी नवऱ्याने दोघांच्या मधे उभं राहून, दोघांकडेही न बघता सांगितलं, "कोपऱ्यावरचा मोबाइलवाला जागा मागतोय. भाड्याने. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. बाबा कापणार असतील तर आपलं चालेल. नाहीतर आता मला जमत नाही." एवढं बोलल्यावर त्याला घाम फुटला. आयुष्यातलं त्याचं ते सर्वांत लांब भाषण असावं.

दुसऱ्या दिवशी तिने मानापमान गिळून सरळ सासऱ्यांच्या पाठीमागे जाऊन म्हटलं, "बाबा, पट्टे तेवढे कापून द्या. शिवते मी. पाप माझ्या नावावर."

म्हातारे भिंतीकडे बघत म्हणाले, "माझं चामडं परक्या मालाला लागणार नाही." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. इतक्या वर्षांत तिला त्यांचा राग पुष्कळदा आला होता, पण ज्या दुकानात ती सुनेची कारागीर झाली ते दुकान हा माणूस आपल्या हाताने घालवणार, या विचाराने त्या दिवशी तिला रडू आलं. बाकावर बसून, पर्सची चेन बदलता बदलता ती रडली, आणि चेन वाकडी बसली.

महिना संपायला आठ दिवस होते तेव्हा एक बाई आली. उंच, चटपटीत, साठीची. परिचारिका म्हणून नोकरी केलेली, नुकतीच निवृत्त झालेली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली होता. तिने गल्ल्यावर एक काळी, पेटीसारखी पिशवी ठेवली. पितळी बक्कल घासून घासून पिवळं धमक, कोपरे शाबूत. खांद्याच्या पट्ट्याला मात्र तीन गाठी मारलेल्या होत्या.

"भाचीला द्यायचीय," बाई म्हणाली. "तीही नर्स झाली. पिशवी बघा कशी उत्तम आहे अजून. पट्टा तेवढा बदलून द्याल?"

"गाठी कशाला मारल्या?"

"अहो, लांबच व्हायचा. आधी बक्कलासाठी नवी भोकं पाडली, भोकं संपली तेव्हा गाठी. नोकरीला लागले तेव्हा सरकारने दिली होती आम्हाला. छत्तीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं मला वाटायचं, माझाच खांदा उतरत चाललाय. घरोघर हिंडायचं काम, पिशवी जड. आई ओरडायची, ताठ चाल, ताठ चाल. मी आपली आरशात बघून खांदा वर धरायची." ती हसली. "केली कुणी कोण जाणे, पण हात चांगला होता माणसाचा. पट्ट्यात बिचाऱ्याला कुणीतरी फसवलं असणार."

सुनेने पिशवी उलटी करून शिवण पाहिली. दोन सुयांचा टाका. शेवटचे तीन टाके उलटे. दोऱ्याचं टोक कुठे गेलं ते दिसत नव्हतं.

तिने मान वर केली. मागे टेबलापाशी खडू धरलेला हात थांबला होता. पाठ तशीच, भिंतीकडे तोंड. पण ती पाठ ऐकत होती.

"गुरुवारी या," ती बाईला म्हणाली.

खरं सांगायचं तर बाई गेल्यावर तिला पहिल्यांदा आनंदच झाला. चार महिने भिंतीशी बोलणाऱ्या माणसाचा माल परत आला होता. 'आमचा माल कधी परत आला नाही' हे बावीस वर्षं ऐकलेलं वाक्य आता ती त्यांच्या पुढ्यात ठेवू शकत होती, पितळी बक्कलासकट. तिने वाक्य जुळवूनही ठेवलं. मग ती उठली, पिशवी नेऊन टेबलाच्या कडेला ठेवली आणि काही न बोलता चहा करायला आत गेली. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. माणूस पाठमोरा असला की त्याला टाकून बोलायचा आपल्याला धीर होत नाही.

चहा घेऊन आली तर तिन्ही गाठी सोडवलेल्या होत्या. इतक्या वर्षांच्या गाठी म्हाताऱ्या नखांनी कशा सोडवल्या असतील कुणास ठाऊक. पट्टा सरळ पसरून सासरे वितीने मोजत होते.

"हातभर वाढलाय," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच तिच्याकडे वळले. "बस, कापडवाली."

ती बसली.

"बारा होत्या अशा. गिरण्यांचे पट्टे बंद झाले, त्यानंतरचं वर्ष. एका गिरणीचा मालक बोलता बोलता म्हणाला होता, जुनी यंत्रं पुन्हा चालू करू म्हणून. बोलता बोलता हं. तेवढ्यावर मी चार उत्तम पाठी माळ्यावर जपून ठेवल्या. दर महिन्याला तेल लावायचो. आणि इकडे हे बारा पिशव्यांचं काम आलं. म्हटलं, पिशवीच तर आहे. बायकांच्या पिशवीत असून असून काय ओझं असणार? बाकी सगळं मनापासून केलं. पट्टे काढले पोटातून."

"तुम्हाला कळलं नाही?"

"हात लावला की कळतं. कळलं होतं."

"आणि त्या चार पाठी?"

"उंदरांनी खाल्ल्या."

तिला हसू येणार होतं, पण आलं नाही. सासरे चहाकडे न बघता बोलत राहिले. "माल परत येत नाही, असं मी म्हणायला लागलो ना, ते त्यानंतर. आधी दहा वर्षं वाट बघत होतो. येईल एखादी भांडायला. नवा पट्टा लावून द्यायचा हेही ठरवलं होतं. कुणी आलंच नाही. मग वाटायला लागलं, टिकले असतील. मग वाटायला लागलं, टिकलेच." त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला. "भांडायला यायचं तर माणसाला आधी कळायला हवं ना, की चूक पट्ट्याची आहे. ती पोरगी आरशात बघत बसली."

त्या संध्याकाळी टेबल पुन्हा फिरलं. मोठं कातडं बघायचं तर खिडकीचा उजेड लागतो, असं कारण मुलाला सांगण्यात आलं. त्यांनी माळ्यावरचं सर्वांत चांगलं कातडं उतरवलं, डोळे मिटून हात फिरवला आणि कण्याच्या रेषेत एक पट्टा कापला. शिवलाही स्वतःच. सुनेला हात लावू दिला नाही.

गुरुवारी बाई आली. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मुलाचं किंवा सुनेचं, म्हातारे कधी गल्ल्यापर्यंत येत नसत. त्या दिवशी आले.

"बाई, तुमचा खांदा उतरलेला नव्हता," ते म्हणाले. "ही पिशवी मी केली. पट्टा पोटातला कापला होता. तो ताणणार हे मला ठाऊक होतं. मला कुणी फसवलं नाही."

बाईने पिशवी उचलली, पट्टा खांद्यावर घेतला, दोन पावलं चालली आणि काचेत स्वतःकडे पाहिलं. उजवा खांदा खालीच होता.

"आता तो खरंच उतरलाय हो," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्याचा ताप मोजून आकडा सांगावा तशी. सासऱ्यांनी गल्ल्याची कड धरली. सुनेने स्टूल पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बाकीच्या अकराजणी?"

बाईने बोटांवर मोजलं. काहीजणी राहिल्या नव्हत्या. काहींचा पत्ता नव्हता. "दोघी-तिघींना विचारते," ती म्हणाली, आणि जाताना पिशवी त्याच उतरलेल्या खांद्याला लावून गेली.

म्हाताऱ्यांनी त्याच दुपारी त्या पाठीतून उरलेले अकरा पट्टे कापून टाकले. मुलाला म्हणाले, "मोबाइलवाल्याला थांबायला सांग." मुलगा थांबायला सांगून आला. पण पुढच्या तीन महिन्यांत तिघीच आल्या. त्यातल्या एकीने तर पिशवीत कांदे-बटाटे ठेवले होते. रिकामी करून दिली. तिघींनाही सासऱ्यांनी तेच वाक्य तसंच सांगितलं. एक रागावली, एक हसली, एकीला नीट ऐकू येत नव्हतं. तिला त्यांनी तीनदा सांगितलं.

आठ पट्टे खिळ्याला लटकत राहिले. सासरे महिन्यातून एकदा ते काढायचे, तेल लावायचे, पुन्हा लटकवायचे. सुनेशी बोलणं आता व्यवस्थित सुरू झालं होतं, पण बाकावरच्या ढिगाकडे ते बघत नसत. नर्सबाईंच्या पिशव्या हा त्यांचा स्वतःचा माल होता. नियम जिथल्या तिथे होता. नवरा एकदा हळूच म्हणाला, "तीन पिशव्यांवर दुकान चालत नाही गं." मोबाइलवाला रोज येता-जाता आत डोकावायचा आणि भिंतींची लांबी डोळ्यांनी मोजायचा.

चौथ्यांदा तेल लागत होतं तेव्हा तिला राहवलं नाही.

"बाबा," बाकावरून मान वर न करता ती म्हणाली, "आपल्या माळ्यावर अजून उंदीर आहेत."

तेलाचा बोळा थांबला. तिला वाटलं, आता टेबल फिरणार. ते फिरलं नाही, पण म्हातारे त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी सकाळी वर्तमानपत्रं टाकणारी बाई आली. खांद्यावर रेक्झिनची मोठी झोळीवजा पिशवी, पट्टा मुळातून उपटलेला, दोरीने बांधलेला. सून पट्टा हातात घेऊन बघू लागली. पुठ्ठा बाहेर आला होता. काय सांगावं या विचारात ती असतानाच सासरे उठून गल्ल्यापाशी आले. त्यांनी पिशवी उलटीसुलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं.

"ओझं किती असतं यात?" त्यांनी बाईला विचारलं.

"सकाळी निघताना दहा-बारा किलो. रविवारी जास्त."

"कुठल्या खांद्यावर घेता?"

"डाव्या. उजव्या हाताने पेपर टाकते ना."

ते मागे गेले, खिळ्यावरून एक पट्टा काढला, बाईच्या डाव्या खांद्यावर टाकून लांबी पाहिली आणि बाकावर सुनेच्या शेजारी येऊन बसले. आरी तिच्या हातातून घेतली. रेक्झिनवर कंपनीचा टाका होता, मशीनचा, लांब लांब. त्याच्यावर त्यांनी पहिलं भोक पाडलं, दोन्ही सुया ओढल्या आणि घट्ट केल्या. सून आणि नवरा दोघंही बघत होते, आणि दोघंही बघत नसल्यासारखं करत होते. शेवटचे तीन टाके आले तेव्हा त्यांनी हात सावकाश केला आणि बाक जरासा तिच्याकडे वळवला, तिला नीट दिसेल असा.

बाईने पिशवी खांद्याला लावून ओढून पाहिली. "टिकेल ना, आजोबा?"

"पिशवी नाही टिकायची," ते म्हणाले. "वर्षभरात फाटेल. तेव्हा पट्टा घेऊन परत या. दुसऱ्या पिशवीला लावून देऊ."